कूलॉम लावू की गॉस? भाच्याला पडवीत दिलेलं उत्तर

गणपतीत भाचा आलेला देवगडहून, सीईटीचं वर्ष, आरती झाली की पुस्तक घेऊन पडवीत. "मामा, खयचो खय लावचो ता माका कळणा नाय." क्लासमधे चार्जचे (विद्युतभाराचे) कूलॉम आणि गॉस हे दोन्ही नियम झालेत, पण निवडायचा कसा ते राहिलंच.

आधी एक लक्षात घे, दोघं सख्खे भाऊच. कूलॉम म्हणतो दोन चार्जमधलं बळ अंतराच्या वर्गाने कमी होतं, गॉस तेच वेगळ्या तऱ्हेने सांगतो. अंगणातल्या गॅसबत्तीपासून दुप्पट लांब गेलास की उजेड चौथाई पडतो, पण तिच्याभोवती दुप्पट त्रिज्येचा गोल मनात धरलास तर त्याचा पृष्ठभाग चौपट, म्हणजे गोळाबेरीज तेवढीच. गोल सोड, फणसासारखा वेडावाकडा आकार घे, फक्त बंद पाहिजे, आतून बाहेर जाणारा उजेड तोच. चार्जचंही असंच, त्याच्या फिल्डचा (एकक चार्जवर पडणाऱ्या बळाचा) बंद सरफेसमधून बाहेर जाणारा एकूण हिशोब म्हणजे फ्लक्स, आणि तो आतला चार्ज भागिले एप्सिलॉन नॉट (हा एक ठरलेला स्थिरांक). बळ वर्गाऐवजी अंतराच्या घनाने कमी झालं असतं तर मोठ्या गोलातून फ्लक्स कमी आला असता आणि गॉसचा नियम तिथेच आडवा.

गंमत म्हणजे वर्गच आहे का हे तपासायलाही दोन वाटा होत्या. कूलॉमने 1785 मधे पीळ पडणाऱ्या तारेचा काटा करून बळ थेट मोजलं. कॅव्हेंडिशने त्याआधीच, 1773 च्या सुमारास, गोलात गोल ठेवून आतल्यावर चार्ज उरतो का एवढंच बघितलं, उरला नाही (वर्ग असला तरच असं होतं), आणि पठ्ठ्याने ते छापलंच नाही, शेवटी मॅक्सवेलने 1879 मधे बाहेर काढलं. मला दुसरी वाट जास्त आवडते, कारण शून्य आहे का हे बघणं बारीक बळ मोजण्यापेक्षा सोपं.

आता तुझी गणितं. दोन-चार सुटे चार्ज, रिंग, ठरावीक लांबीची काठी असेल तर डोळे मिटून कूलॉम. तिथे गॉस खोटा नसतो हां, फक्त फिल्ड सरफेसवर सगळीकडे सारखं नसल्याने ते इंटिग्रलच्या बाहेर काढता येत नाही, मग उपयोग काय. अनंत तार, अनंत पत्रा, गोळा दिसला की गॉस, दोन ओळीत सुटतं, कूलॉमने तेच करायला बसलास तर पान भरेल.

फसवाफसवी डायपोलवर, म्हणजे सारख्याच प्लस-मायनस चार्जच्या जोडीवर होते. तिच्याभोवती बंद सरफेस घेतला तर आत प्लस मायनस सारखेच म्हणून फ्लक्स शून्य, आणि पोरं लगेच फिल्डपण शून्य लिहून मोकळी. तसं नाही रे, जेवढं बाहेर जातं तेवढंच आत येतं इतकंच.

आणि क्यूबच्या कोपऱ्यात चार्ज असेल तर घाबरू नको, आंब्याच्या आठ पेट्या एका कोपऱ्याला भिडवून रचल्यात असं समज (पेट्या क्यूब नसतात, असूदे), एका पेटीच्या वाट्याला एकूण फ्लक्सचा आठवा हिस्सा. त्यातही चार्जला चिकटलेल्या तीन बाजूंतून काहीच जात नाही, उरलेल्या तिघींना प्रत्येकी चोविसावा.