सेन्सर बदलला म्हणे, त्याचा नट हललासुद्धा नव्हता

चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला. सिग्नलला थांबलं की गाडी आचके द्यायची, एरवी पळायला ठीक. गॅरेजवाल्यानं स्कॅनर लावला, पी०१७१ कोड दाखवला आणि त्याच दमात म्हणाला, "ऑक्सिजन सेन्सर गेला, बदलावा लागेल." एक्झॉस्टच्या धुरात ऑक्सिजन किती उरला ते मोजतो तो. मी मान डोलावली. संध्याकाळी दिवा बंद, आणि जुना सेन्सर पिशवीत घालून हातात.

पाचव्या दिवशी दिवा पुन्हा हजर. आता म्हणे मागचा सेन्सर, नाहीतर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे एक्झॉस्टमधला धूर स्वच्छ करणारा डबा. कन्व्हर्टरची किंमत ऐकली आणि गाडी घेऊन बाहेर पडलो.

पी०१७१ म्हणजे सेन्सर खराब, असं नव्हेच. मिश्रण पातळ आहे, पेट्रोलच्या मानानं हवा जास्त होतेय, एवढंच तो कोड सांगतो, आणि ही बातमी आणतो सेन्सरच! सेन्सरच्या स्वतःच्या दुखण्याचे कोड वेगळे: पी०१३३ म्हणजे प्रतिसाद मंद, पी०१३५ म्हणजे हीटरच्या सर्किटमध्ये दोष. ही अक्कल मला बिल भरल्यावर आली.

मित्राचा ओबीडी रीडर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारं छोटं यंत्र, लावून फोनवर पाहिलं. सेन्सरचं व्होल्टेज ०.१ ते ०.८ व्होल्टमध्ये भराभर वरखाली होत होतं, म्हणजे तो ठणठणीत. लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे मिश्रण सावरायला गाडीचा कॉम्प्युटर (ईसीयू) पेट्रोल किती वाढवतोय किंवा कमी करतोय तो आकडा, मात्र आयडलला, म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना, +२३ टक्के. दहाच्या आत असेल तर सहसा काळजी नसते. रेस देऊन २५०० आरपीएमवर धरलं तर तोच +६. बाहेरची हवा कुठून तरी आत शिरत असली की हे असंच दिसतं. आयडलला इंजिन मुळात थोडीच हवा घेतं, त्यात चोरवाटेची हवा भारी पडते. रेस दिली की तिचा वाटा किरकोळ होतो. इंजिनात जाणारी हवा मोजणारा एमएएफ सेन्सर मळलेला असता तर सहसा उलट, लोडबरोबर ट्रिम वाढला असता.

मग चोरवाट शोधायला बॉनेट उघडून पीसीव्हीचा, म्हणजे इंजिनाच्या पोटातली वाफ पुन्हा आत ओढून घेणारा, रबरी पाइप वाकवून पाहिला. वरून धडधाकट, खालच्या अंगाला नखाएवढी चीर.

तिथंच एक्झॉस्टवरचा तो 'नवा' सेन्सर दिसला. नटाच्या कडांवर जुना गंज जसाच्या तसा, पान्याचा ओरखडासुद्धा नाही. पिशवीतला काढून बघितला तर त्याला एकच वायर, माझ्या गाडीच्या सेन्सरला चार! कुणाच्या भंगारातला होता देव जाणे. पठ्ठ्यानं फक्त कोड पुसला होता. कोड पुसला की शिकलेला ट्रिमही पुसला जातो, ईसीयू पुन्हा पहिल्यापासून शिकतो, आणि तेवढे दिवस दिवा गप्प.

तुम्हाला कुणी असंच सांगितलं तर कोड पुसण्याआधी त्याचा आणि फ्रीझ फ्रेमचा (कोड आला त्या क्षणी साठवलेल्या आकड्यांचा) फोटो काढून ठेवा. ट्रिमचे आकडे विचारा. नव्या पार्टचा खोका बघा, आणि जमलं तर आधीच सेन्सरच्या प्लगवर मार्करनं बारीक खूण करा.

पाइप बदलल्यावर आठवडाभरात आयडलचा ट्रिम +३ वर आला. ती पिशवी घेऊन पैसे मागायला गेलो, तर गॅरेजवाला म्हणाला, "इलेक्ट्रिकलचा माल आम्ही परत घेत नाही."