शंभर भाकरी, चौदा हजार पावलं

माझं साताऱ्यात पोळी-भाकरी केंद्र आहे. केंद्र म्हणजे घराची पुढची खोली, दोन शेगड्या, तीन तवे, मी आणि मदतीला शोभा. ज्वारीच्या शंभर भाकरी रोज माझ्या हाताच्या, पोळ्या तिच्या. हे आधी सांगते, कारण मनगटावरच्या फिटनेस पट्ट्याबद्दल लिहिणारे बहुतेक लोक ऑफिसात बसणारे नाहीतर पहाटे यवतेश्वरच्या घाटात पळणारे असतात. माझ्यासारखीनं लिहिलेलं कुठं सापडलं नाही, म्हणून आठ महिने वापरून लिहितेय.

पट्टा लेकीनं पुण्याहून ऑनलाइन मागवून दिला, २,२९९ रुपयांचा. कंपनीचं नाव लिहीत नाही. एकतर भांडण नको, आणि दुसरं म्हणजे या किमतीत सगळ्यांचे गुण-दोष साधारण सारखेच, हे आता चार जणींचे पट्टे बघून कळलंय. मी पाचातले तीन तारे देते. कसे, ते वाचा.

निमित्त माझ्या साखरेचं. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी ती रक्ततपासणी असते ना, एचबीएवनसी, ती ६.२ आली. ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठ्यावर. डॉक्टर म्हणाल्या, "मावशी, गोळी नको एवढ्यात. चाला." लेकीनं लगेच पट्टा पाठवला, फोनमध्ये अ‍ॅप टाकून दिलं आणि दिवसाचं दहा हजार पावलांचं लक्ष्य लावून दिलं.

पहिल्याच दिवशी सकाळी साडेनऊला मनगट थरथरलं, पडद्यावर फटाके उडाले. दहा हजार पूर्ण! मी अजून ओट्यापासून हलले नव्हते. रात्रीपर्यंत चौदा हजार. दुसऱ्या दिवशी तेरा हजार आठशे. मला वाटलं, बाई, आपण दिवसभर उभ्या असतो, पाय भरून येतात, तेच हे. मग कशाला संध्याकाळी वेगळं चालायला जायचं? तीन महिने चालायला गेलेच नाही. दुसरी तपासणी ६.३.

डॉक्टरांनी विचारलं, चालता का? मी ऐटीत फोन पुढं केला. रोज चौदा हजार. त्या बघत राहिल्या. "कुठं चालता?" या प्रश्नाला माझ्याकडं उत्तरच नव्हतं.

घरी येऊन शोभाला पाटावर बसवलं, तिच्या हातात फोन दिला आणि परात पुढं ओढली. दहा भाकरी थापायच्या, पाऊल एकही उचलायचं नाही. दहा भाकऱ्यांची ६४० पावलं! शोभा हसून हसून पोळी करपवून बसली. शंभर भाकरींची म्हणजे सहा हजार चारशे. पीठ मळण्याचे दीड-दोन हजार वेगळे.

झालं होतं असं. माझ्या डाव्या हातात लग्नातलं घड्याळ असतं, ते मी काढत नाही. म्हणून पट्टा उजव्या हातात. आणि भाकरी थापली जाते उजव्या हातानं. डावा हात नुसता कड सांभाळतो, भाकरी फिरते उजव्या तळव्याच्या थापेवर, एका लयीत, टप टप टप. पट्ट्याच्या आत हालचाल ओळखणारी चिप असते. तिला पाय दिसतच नाहीत, ती फक्त हात कसा हलतोय ते बघते आणि लय सापडली की पावलं धरते. चालताना हातही लयीत हलतो, म्हणून एरवी हिशेब जुळतो. अ‍ॅपमध्ये पट्टा कुठल्या हातात घालता असं विचारलेलं असतं. लेकीनं सवयीनं 'डावा' लिहिलं होतं. मला कुणी विचारलंच नाही.

याच्या उलटही आहे बरं का. मंडईतून येताना दोन्ही हातांत पिशव्या असतात, हात लोंबकळत नाहीत, ताठ राहतात. पोवई नाक्यापासून घरापर्यंत दमून भागून आले तर पट्ट्यानं जेमतेम दीडशे पावलं लावली. कामाची फुकट, फुकटची जमा. लेकीच्या मैत्रिणीलाही तोच अनुभव, ती बाळाची गाडी ढकलत फिरायला जाते.

मग घड्याळ उतरवलं. जड गेलं, पण उतरवलं. पट्टा डाव्या हातात, बांगड्यांच्या वर सरकवून. आकडा धाडकन ५,२०० वर आला. खरी मी एवढीच. आता नवीन गंमत अशी, की दोन तास तव्यापुढं उभी असते, घाम निथळत असतो, आणि पट्टा थरथरून सांगतो, फार वेळ बसून आहात, उठा, जरा फिरा! पहिल्यांदा हे आलं तेव्हा उलथनंच उगारलं होतं मी त्याच्यावर.

५,२०० बघून तोंड उतरलं होतं. लेकीनं फोनवर समजावलं, की दहा हजार हा आकडा कुठल्या डॉक्टरनं काढलेला नाहीच. टोकियोला १९६४ मध्ये ऑलिम्पिक झालं, त्यानंतर १९६५ मध्ये एका जपानी कंपनीनं कमरेला लावायचं पावलं मोजायचं यंत्र काढलं. त्याचं नाव मानपो-केई, म्हणजे दहा हजार पावलांचं मापक. नाव गाजलं आणि आकडा जगभर चिकटला. हार्वर्डच्या संशोधकांनी २०१९ मध्ये सरासरी बहात्तर वर्षांच्या सोळा हजारांवर बायकांचा अभ्यास छापला, त्यात दिवसाला ४,४०० पावलं चालणाऱ्यांतसुद्धा, अगदी कमी चालणाऱ्यांपेक्षा मृत्यूचं प्रमाण बरंच कमी निघालं, आणि साडेसात हजारांच्या पुढं आणखी फरक दिसला नाही. मी बहात्तरची नाही, चोपन्नची आहे, आणि त्या अभ्यासातली पावलं काही भाकरी थापून जमलेली नव्हती. तरी लक्ष्य साडेसातवर आणलं. फटाके बंद करता येतात का ते अजून शोधतेय.

आता ठोक्यांबद्दल. पट्ट्याच्या खालच्या बाजूला हिरवा दिवा लुकलुकतो. रक्त हिरवा उजेड शोषून घेतं. ठोका पडला की मनगटातलं रक्त वाढतं, परत येणारा उजेड कमी होतो, त्या कमी-जास्तावरून ठोके मोजतात. शांत बसलेली असताना माझे ठोके बरोबर येतात, मी नाडी धरून ताडून बघितलंय, दोन-तीनचा फरक. पण उजव्या हातात होता तेव्हा भाकरी थापताना १५० वर जायचा. मी घाबरून शेगडी बंद करून बसले होते एकदा. ते ठोके नव्हतेच, ती माझी थाप होती! हात लयीत आपटत असला की पट्टा ती लयच ठोके म्हणून धरतो.

ज्वारीचं पीठ हा आणखी एक वैरी. आधणाच्या पाण्यात उकड घेतलेलं पीठ मळताना पट्ट्याखाली शिरतं, वाळून पापडी धरतं, आणि दिव्याची काच आंधळी होते. आकड्याच्या जागी दोन रेघा येतात. ओल्या फडक्यानं पुसायचं, आणि पट्ट्याखालचं मनगटही कोरडं करायचं. मी पहिल्या महिन्यात केलं नाही, तर गोल चट्टा उठला होता, खोबरेल लावून महिन्यानं गेला.

सासूबाईंना कौतुक फार. "मला बी बांध की गं." त्यांच्या उजव्या मनगटावर तुळशीवृंदावन गोंदलेलं आहे, पार काळंभोर, सत्तर वर्षांपूर्वीचं. पट्टा बांधला, दिवा लुकलुकला, आकडा काही येईना. नुसत्या रेघा. म्हातारी गंभीर झाली. "म्हंजी मी ऱ्हायले का न्हाई?" मी पट्टा डाव्या हातात घातला, तिथं गोंदण नाही. ७६ आले. गोंदणाची शाई उजेड गिळते, आतपर्यंत जाऊ देत नाही. तेव्हा घरात आजी-पणजी असतील तर गोंदण चुकवून बांधा.

हे कळल्यावर मला खोड सुचली. टोपलीत कोवळा दुधी होता, मनगटाएवढा. त्याला बांधला. थोडा वेळ विचार केला पट्ट्यानं, आणि दुधीचे ठोके ८१! परत येणाऱ्या उजेडात काहीतरी हलल्यासारखं दिसलं, की यंत्र त्यातून आकडा काढतं. रेघ दाखवण्यापेक्षा आकडा दाखवणं त्याला आवडत असावं. सासूबाईंना रेघा आणि दुधीला ८१, हे त्यांना सांगायला नको होतं. अजून टोमणे मारतात.

रक्तातल्या ऑक्सिजनचं तर मी बघणंच सोडलं. एका पहाटे ८८ दाखवला. करोनातलं बोटाला लावायचं चिमट्यासारखं यंत्र कपाटात होतं, सेल बदलून लावलं, तर ९७. बोटातून उजेड आरपार जातो, मनगटावरून तो नुसता परत फिरतो. त्यात माझे हात गार पाण्यातून आलेले. ऑक्सिजन मोजायचाच असेल तर बोटाचं यंत्र बरं.

गल्लीतल्या एका काकांनी तर सुई न टोचता साखर सांगणारं घड्याळ घेतलंय. त्यांना मी हात जोडून सांगितलं, गोळी त्याच्यावर ठरवू नका. अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनानं फेब्रुवारी २०२४ मध्येच बजावलंय, की असं मोजणाऱ्या कुठल्याही घड्याळाला किंवा अंगठीला त्यांनी मान्यता दिलेली नाही. काका म्हणाले, पण ह्याच्यात छान येते साखर. येणारच छान.

झोपेचं जरा सविस्तर सांगते, कारण यानं मला सगळ्यात जास्त छळलं. मी साडेनऊला पडते, चारला उठते. दुपारी दोन ते सव्वातीन एक डुलकी. वर्षानुवर्षं हेच, आणि मी ठणठणीत. पट्टा आला आणि सकाळी चारला, दात घासायच्या आधी, निकाल बघायची सवय लागली. ५८ गुण. गाढ झोप बेचाळीस मिनिटं. 'तुमची झोप तुमच्या वयाच्या लोकांपेक्षा कमी.' उठताना ताजीतवानी असलेली मी, ते वाचलं की खांदे पाडून ओट्यापाशी जायची. दिवसभर जांभया. रात्री पडल्यावर डोक्यात तेच, आता गाढ लागली पाहिजे, आता लागली पाहिजे. आणि मग कसली लागते! लेक म्हणाली, आई, याला नाव आहे, ऑर्थोसोम्निया, २०१७ मध्ये अमेरिकेतल्या झोपेच्या डॉक्टरांनी ठेवलंय. झोपेचे आकडे सुधारायच्या नादात झोप जाणं.

बरं, हा झोप मोजतो कशावरून? हात किती स्थिर आणि ठोके कसे, त्यावरून अंदाज. खरी गाढ झोप मोजायला दवाखान्यात डोक्याला तारा चिकटवून मेंदूच्या लहरी बघतात. मी आडवी पडून मालिका बघत होते, नायिकेचं दुसरं लग्न लागत होतं, पापणी लवत नव्हती माझी, तर पट्टा म्हणे ९.०४ ला झोपलात. आणि दुपारची डुलकी त्याला मान्यच नाही, शून्य. सातारकराला दुपारची झोप मोजत नाही म्हणणाऱ्या यंत्राचं काय ऐकायचं? दुधीला रात्रभर बांधून ठेवलं असतं तर तो माझ्यापेक्षा जास्त गुणांनी पास झाला असता.

दीड महिना झाला, रात्री पट्टा खुंटीला. गाढ किती लागते ते आता कुणालाच माहीत नाही.

मग तीन तारे कशाचे? एक, ठोके शांतपणी बरोबर सांगतो. दुसरा, पट्टा डावीकडं गेल्यावर पावलांचा आकडा भरवशाचा झाला आणि मी संध्याकाळी सहाला टेकडीवरच्या 'चार भिंती' स्मारकापर्यंत चालत जायला लागले. वर पोचून खाली गावातले दिवे लागताना बघते, तोवर सहा हजार सातशे झालेले असतात. हे पट्ट्याशिवाय केलं असतं का? नसतं. खरं ते खरं.

तिसरा तारा निरोपांचा. दोन्ही हात पिठात असताना फोन घेता येत नाही, पण मनगट फिरवलं की ग्राहकाचा निरोप वाचता येतो. मोठी सोय. फक्त एक गोम आहे, आणि गेलेल्या दोन ताऱ्यांतला एक तिच्यावर गेला. मराठी अक्षरांच्या जागी नुसते चौकोन दिसतात. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिणाऱ्या पोरांची ऑर्डर वाचता येते. आणि एक निवृत्त गुरुजी आहेत माझे, 'कृपया उद्या दोन भाकरी अधिक पाठवाव्यात' असं काना-मात्रेसकट लिहिणारे. त्यांची पाटी कोरी. दोनदा त्यांना भाकरी कमी गेल्या. घेताना दुकानात स्वतःला एक मराठी निरोप पाठवून बघा, मगच पैसे द्या.

दुसरा तारा गेला चार्जिंग आणि पट्टीवर. खोक्यावर सात दिवस लिहिलंय, ठोके सतत मोजत ठेवले तर चौथ्या दिवशी मान टाकतो. चार्जर लोहचुंबकाचा, दुसरा कुठलाही चालत नाही, हरवला की बसा. रबरी पट्टी सातव्या महिन्यात भोकापाशी तुटली. सेवा केंद्रातल्या मुलानं वर न बघताच सांगितलं, पट्टी वॉरंटीत येत नाही. मोबाइलच्या कव्हरांच्या दुकानात दीडशे रुपयांत मिळाली, जांभळी. दुसरा रंग नव्हता.

पुढची रक्ततपासणी दिवाळीनंतर आहे. फराळाच्या ऑर्डरी सुरू झाल्यात, चकलीचा सोऱ्या दिवसभर उजव्या हातानं फिरतोय. पट्टा डाव्या हातात आहे.