१२१ नगांचा दशमान ठोकळ्यांचा संच: सुट्टे रग्गड, दांडे अपुरे

एकक-दशक-शतक शिकवायच्या दशमान ठोकळ्यांचा नेहमी मिळणारा एक नमुना १२१ नगांचा असतो: १ सेंमीचे १०० सुट्टे (एकेक), दहाचे १० दांडे, शंभराच्या १० पाट्या आणि हजाराचा एक ठोकळा. साहित्य उत्तम आहे, नगांचं गणित मात्र चुकलेलं आहे.

६७ + ५८ मांडून बघा. ६ आणि ५ मिळून ११ दांडे लागतात आणि पेटीत आहेत १०. पुढे १५ सुट्ट्यांपैकी १० परत करून एक दांडा घ्यायचा, म्हणजे बारावा हवा. ९९ + ९९ ला तर अदलाबदल धरून १९ दांडे लागतात, सुट्टे फक्त १८. चार मुलांच्या गटाला २० दांडे आणि ३० सुट्टे असले की दोन अंकी बेरीज-वजाबाकी आरामात होते. शंभर सुट्टे एकदाच खरे कामाला येतात, पाटीवर रचून ‘हे शंभरच’ अशी खात्री पटवायला. म्हणून संच घ्यायचाच असेल तर एक पेटी तीन गटांत वाटावी आणि वर सुटे दांडे मागवावेत.

पेटी उघडल्यावर दोन तपासण्या लगेच कराव्यात. पहिली मापाची: दहा सुट्टे ओळीत लावून शेजारी दांडा ठेवा. दहा पाट्या एकावर एक रचून शेजारी मोठा ठोकळा ठेवा. सुट्टा ०.२ मिमीने जरी जाड असला, तरी दहात २ मिमीचा फरक पडतो आणि मूल सरळ म्हणतं, ‘हे सारखे नाहीत.’ त्याचं बरोबरच असतं! दुसरं, दांड्यावरच्या खाचा नखाला लागल्या पाहिजेत. खाचा उथळ असतील तर दांडा ही नुसती पट्टी उरते, त्यात दहा आहेत हे मोजून बघता येत नाही.

लाकडी ठोकळे हातात छान वाटतात, पण दमट हवेत फुगतात आणि वरची पहिली तपासणी नापास होतात. फोमचे आवाज करत नाहीत, पण दाबले जातात. साधं घट्ट प्लास्टिक बरं. रंग शक्यतो सगळ्यांचा एकच असावा. प्रत्येक आकाराला वेगळा रंग दिला की ‘हिरवा म्हणजे दहा’ असं पाठ होतं आणि आकाराकडे लक्षच जात नाही.

प्लास्टिकचा मोठा ठोकळा बहुधा पोकळ असतो, आणि इथे एक ठरलेली चूक होते. सहा बाजू, प्रत्येकीवर शंभर चौकोन, म्हणून मुलं ६०० सांगतात. (बाहेरून दिसणारे सुट्टे खरं तर ४८८ च, आतले ५१२ दिसत नाहीत.) दहा पाट्यांची चळत शेजारी रचल्याशिवाय हा गैरसमज जात नाही.

काही संचांत एकक-दशक-शतकाचा ए-४ कागदाचा तक्ता येतो. आडव्या ए-४ चे तीन रकाने केले तर प्रत्येकी ९.९ सेंमी होतात आणि पाटी आहे १० सेंमीची! ए-३ कागद घ्या, १४ सेंमीचे रकाने पडतात.

आता वापर. हे ठोकळे आधीच जोडलेले असतात, दांडा मोडून सुट्टे निघत नाहीत, बदलून घ्यावे लागतात. काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधून-सोडून झाले नसतील, तर ही देवाणघेवाण मुलांना नियमासारखी वाटते. त्यामुळे आधी काड्या, मग ठोकळे.

२८ + ३७ चं उत्तर ५१५ लिहिणारी मुलं तक्त्यावर ५ दांडे आणि १५ सुट्टे बरोबर मांडतात. अडतं ते बदलण्यापाशी. एकाने ठोकळे हलवायचे, दुसऱ्याने त्याच क्षणी वहीत हातचा लिहायचा. सगळं हलवून झाल्यावर लिहायला बसलं की ठोकळे आणि वही यांचा संबंध तुटतो. वजाबाकीत ५३ आणि २७ दोन्ही मांडले जातात; मांडायचे फक्त ५३, त्यांतून २७ उचलायचे. ३०२ − १४७ हे गणित जरूर घ्या: एक पाटी देऊन १० दांडे, त्यांतला एक देऊन १० सुट्टे, म्हणजे २ पाट्या, ९ दांडे, १२ सुट्टे. शून्यावरचा ९ कुठून आला हे इथे डोळ्यांसमोर घडतं. त्यासाठी संचातले दहाच्या दहा दांडे लागतात, म्हणजे दुसरा गट बसून राहतो.

गुणाकारात संच सर्वांत जास्त चमकतो. १३ × १४ चा आयत रचला की १ पाटी, ७ दांडे, १२ सुट्टे, म्हणजे १८२. दशांशासाठी पाटीला १ मानलं तर ०.३ आणि ०.२५ मधला मोठा कोण ते लगेच दिसतं. पण सुट्टा आता ०.०१ झाला हे तक्त्यावर ठळक लिहून ठेवावं, नाहीतर जुनी किंमत डोक्यात राहते.

पडद्यावरच्या ठोकळ्यांना नगांची टंचाई नसते, चार अंकी संख्या दाखवायला ते सोयीचे. मात्र बऱ्याच ॲपमध्ये दहा सुट्टे एकत्र आणले की आपोआप दांडा होतो, आणि जे मोजणं मुलानं करायचं तेच यंत्र करून टाकतं. ही सोय बंद करता येत असेल तरच वर्गात वापरा.

अपूर्णांकांसाठी हा संच घेऊ नका. १/३ साठी पाटीचे तीन समान भाग पडत नाहीत. तिथे अपूर्णांक पट्ट्या लागतात.