ओढ्याचा प्रश्न कोणत्या नकाशाला विचारायचा?

२५ सप्टेंबर २०१९च्या रात्री पुण्यात आंबील ओढ्याने घरं धुऊन नेली, ते पाणी कात्रजच्या बाजूच्या उतारांवर कोसळलेल्या पावसाचं होतं. जुलै २०२४मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या एकता नगरीत शिरलं, ते खडकवासला धरणातून सोडलेलं नदीचं. प्रभाग समितीसाठी किंवा सोसायटीसाठी हवामान-धोक्याचं साधन निवडताना पहिल्यांदा हेच ठरवा, तुमची भीती नदीची की ओढ्याची?

आयपीसीसीचा, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदल समितीचा, इंटरॅक्टिव्ह ॲटलास फुकट आहे, दिसायलाही देखणा. तापमान दीड, दोन, चार अंशांनी वाढलं तर पावसाचं काय होईल, हे तो दाखवतो. पण त्यातल्या जागतिक मॉडेलांचा एकेक चौकोन साधारण शंभर किलोमीटरचा. लोणावळा आणि हडपसर एकाच चौकोनात! अहवालाच्या पहिल्या पानापुरता तो ठीक.

हवामान खात्याचा २०२२चा धोका-ॲटलास जिल्हानिहाय आहे. तो मागच्या नोंदींवर उभा आहे, म्हणून मला जास्त भरवशाचा वाटतो. मात्र पुढचं तो सांगत नाही. शिवाय पुणे जिल्हा म्हणजे धो-धो पावसाचं मुळशीही आणि कमी पावसाचं इंदापूरही.

ॲक्विडक्ट फ्लड्स (Aqueduct Floods) हा जगभरच्या पुरांचा नकाशा २०३०, २०५० आणि २०८०चा अंदाज देतो, सुमारे एक किलोमीटरच्या बारकाव्याने. नदीकाठच्यांनी तो जरूर बघावा, पण पाटबंधारे खात्याच्या निळ्या आणि लाल पूररेषा शेजारी ठेवून. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. ओढेवाल्यांना मात्र हा नकाशा निरुपयोगी. तो फक्त नदीचा आणि समुद्राचा पूर मोजतो. गल्लीत साचणारं पावसाचं पाणी त्याच्या हिशेबातच नाही.

मग उरतात दोन खरी साधनं, इन्व्हेस्ट (InVEST) आणि स्विम (SWMM). दोन्ही मोफत. स्टॅनफर्डमध्ये जन्मलेलं इन्व्हेस्ट जमिनीचा वापर, मातीचा प्रकार आणि एका पावसाचे मिलिमीटर घेऊन सांगतं की किती पाणी मुरेल आणि किती वाहून जाईल. टेकडीवर काँक्रीट ओतलं तर काय होईल, हे दाखवायला याच्यासारखं दुसरं नाही. क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर येणारा एखादा विद्यार्थी गाठलात तर काम होतं. पण वाहिलेलं पाणी पुढे कुठे तुंबेल, ते याला कळत नाही.

ते स्विमला कळतं. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचं हे साधन रस्त्याखालच्या मोऱ्या, पाइप, ओढ्याचा उतार सगळं धरून पाणी पुढे नेतं. त्यासाठी प्रत्येक मोरीची रुंदी आणि तळाची पातळी लागते, आणि ती कागदावर एक असते, जागेवर दुसरीच. कुठे राडारोडा, कुठे मध्येच उभी केलेली सीमाभिंत. म्हणजे टेप घेऊन ओढ्यात उतरणं आलं.

टेकडी वाचवायची असेल तर इन्व्हेस्ट घ्या. मोरी रुंद करून घ्यायची असेल तर स्विमच, आणि मोजणी पावसाळ्याआधी, मेमध्ये उरकून घ्या.