फॉल रिव्हरला गेलात तर आधी त्या दोन लाकडी बोटी बघा

लेकीकडे अमेरिकेत आलो की ती माझ्यासाठी एखादी सहल ठरवून ठेवते. या वेळी जावईबापू म्हणाले, "बाबा, तुमच्या आवडीची जागा शोधलीय. गोदीचा वास येईल तुम्हाला." बॉस्टनपासून गाडीने तासाभरावर फॉल रिव्हर आहे. एके काळी कापडगिरण्यांचं गाव. दगडी गिरण्या अजून उभ्या आहेत, त्या बघून मला लालबाग-परळ आठवलं. तिथेच नदीच्या मुखाशी, ब्रागा पुलाच्या सावलीत बॅटलशिप कोव्ह हे युद्धनौकांचं संग्रहालय आहे.

सगळे लोक येतात ते 'मॅसॅच्युसेट्स' या अजस्र युद्धनौकेसाठी. ६८० फूट लांबी, सोळा इंची तोफा. शेजारी एक विनाशिका आणि 'लायनफिश' पाणबुडी. हे सगळं बघण्यासारखं आहेच. पण मी चौतीस वर्षं माझगावात गोदीत सुतारखात्यात काढली, आणि माझे वडील मालवणात होड्या बांधायचे. म्हणून हे लिहितोय ते तिथल्या दोन पीटी बोटींबद्दल. त्यांच्यापाशी मी दीड तास होतो आणि तोही पुरला नाही.

पीटी म्हणजे गस्ती टॉर्पेडो बोट. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने अशा पाचशेहून जास्त बोटी वापरल्या. लांबी जेमतेम ऐंशी फूट, माणसं बारा ते सतरा, आणि टॉर्पेडो मात्र आपल्याहून वीसपट मोठं जहाज बुडवू शकतील असे. इथली पीटी ६१७ ही एल्को कंपनीची, न्यू जर्सीतल्या बेयॉनला बांधलेली. पीटी ७९६ ही हिगिन्सची, न्यू ऑर्लिन्सची. दोन्ही १९४५ सालच्या. नौदलात दाखल होईपर्यंत युद्ध संपलं होतं, म्हणजे दोघींनीही लढाई पाहिलेली नाही. हे कळल्यावर नात जरा खट्टू झाली. मी तिला म्हटलं, म्हणून तर त्या अंगाने धड राहिल्या.

दोन्ही बोटी पाण्याबाहेर, घोडीवर चढवून ठेवल्या आहेत. माझ्या मते या जागेचं सगळ्यात मोठं मोल हेच. पाण्यातली बोट म्हणजे अर्धीच बोट. सुताराला बघायचा असतो तो तळ. ६१७ च्या नाळेपाशी, म्हणजे पुढच्या टोकाशी, उभं राहून मागे बघा. पुढे तळ सुरीसारखा धारदार आहे, मग हळूहळू पसरत जातो आणि शेवटी जवळजवळ सपाट होतो. वेग वाढला की नाळ वर उचलली जाते आणि बोट पाणी कापायचं सोडून पाण्यावर घसरत जाते. चाळीस नॉट, म्हणजे ताशी चौऱ्याहत्तर किलोमीटर. मागे पाणी ढकलणारे तीन पंखे, तीन सुकाणू. प्रत्येक पंख्यामागे पॅकार्डचं बारा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, बाराशे ते पंधराशे अश्वशक्तीचं. इंधन विमानाचं, शंभर ऑक्टेनचं, तीन हजार गॅलन. आपल्या हिशेबात अकरा हजार लिटरच्या वर. एवढं पेट्रोल पोटात घेऊन ही पोरं रात्री शत्रूच्या विनाशिकांवर चालून जायची, आणि पेट्रोल व समुद्र यांच्यात जेमतेम दोन इंच लाकूड.

त्या लाकडाबद्दल सांगायलाच हवं, कारण या बोटी प्लायवूडच्या होत्या असं सर्रास बोललं जातं. ते खरं नाही. एल्कोचा तळ महोगनीच्या फळ्यांचा, दोन थरांचा. एक थर एका तिरक्या दिशेने, दुसरा त्याच्या आडव्या तिरक्या दिशेने, आणि मध्ये सरसात भिजवलेलं कॅनव्हास. ब्रॉन्झचे स्क्रू आणि तांब्याचे रिवेट हजारोंनी. आमच्या वडिलांच्या होडीत फळी कण्याला समांतर जायची, फटीत कापूस ठोकायचा आणि वरून माशाचं तेल. तिची चाल वेगळी, गरज वेगळी. इथे लाटेवर आपटताना तळ पिळला जाणार, म्हणून दोन्ही थरांनी एकमेकांना धरून ठेवायचं. रंगाखाली फळीची तिरकी रेघ पुसट दिसते. ती शोधा. मला ती सापडली तेव्हा वडिलांना दाखवावीशी वाटली. त्यांना जाऊन वीस वर्षं झाली.

मला या बोटींचं वेड लागलं ते सिनेमामुळे. जॉन केनेडी राष्ट्राध्यक्ष असतानाच, १९६३ साली, त्यांच्या युद्धातल्या पराक्रमावर 'पीटी १०९' हा सिनेमा आला. क्लिफ रॉबर्टसनने तरुण केनेडींचं काम केलं. गोष्ट खरी आहे. २ ऑगस्ट १९४३ च्या रात्री सॉलोमन बेटांजवळ जपानी विनाशिका 'आमागिरी' केनेडी कप्तान असलेल्या पीटी १०९ ला चिरून गेली. दोघे मेले, अकरा वाचले. भाजलेल्या एका सहकाऱ्याच्या जॅकेटचा पट्टा दातांत धरून केनेडी त्याला ओढत बेटापर्यंत पोहत गेले. मग नारळाच्या करवंटीवर निरोप कोरला, आणि तो बिउकू गासा आणि एरोनी कुमाना या दोन बेटवासीयांनी होडीतून पोहोचवला. ती करवंटी बॉस्टनला केनेडी ग्रंथालयात आहे. कोकणातल्या माणसाने ती बघावीच.

सिनेमा मी अनेकदा पाहिला आणि दर वेळी बोटींचं अंग मला खटकायचं. पुढे कारण समजलं. सिनेमा काढायला निघाले तेव्हा हव्या तशा, धड अवस्थेतल्या पीटी बोटी मिळाल्या नाहीत. मग वायुदलाच्या बचाव-बोटी घेऊन त्यांना वरून पीटीचा साज चढवला. मॅकहेल्स नेव्ही या अमेरिकन टीव्ही मालिकेतली पीटी बोटही सोव्हिएत युनियनला देण्यासाठी बांधलेल्या निराळ्याच बनावटीची.

आणि मूळच्या बोटी गेल्या कुठे? जाळल्या. १९४५ च्या अखेरीस फिलिपिन्समधल्या समार बेटावर, बोबोन पॉइंटला, शंभराहून जास्त बोटींची इंजिनं आणि सामान काढून घेतलं, त्या किनाऱ्याला ओढल्या आणि पेटवून दिल्या. लाकूड थकलेलं, देखभाल महाग, मायदेशी न्यायचा खर्च परवडणारा नाही. हिशेब म्हणून मला तो कळतो. सुतार म्हणून तो फोटो बघवत नाही. त्याच डिसेंबरात जॉन फोर्डचा 'दे वेअर एक्स्पेंडेबल' अमेरिकेत पडद्यावर आला. त्यात मात्र खऱ्या पीटी बोटी आहेत, नौदलाने दिलेल्या, फ्लोरिडाच्या समुद्रात पळवलेल्या. नायक रॉबर्ट माँटगोमरी स्वतः युद्धात पीटी बोटींवर अधिकारी होता. फोर्डचा पाय मोडला तेव्हा बोटींची काही दृश्यं त्यानेच दिग्दर्शित केली. फॉल रिव्हरला जाण्याआधी हा सिनेमा जरूर बघा. पाणी उडवत वळणाऱ्या बोटी आधी डोळ्यांत साठवा आणि मग तळाखाली जाऊन उभे राहा. उलट्या क्रमाने बघाल तर अर्धी मजा जाईल.

पीटी ७९६ चाही पडद्याशी संबंध आहे, पण टीव्हीच्या. जानेवारी १९६१ मध्ये केनेडींच्या शपथविधीच्या मिरवणुकीत हीच बोट १०९ म्हणून वॉशिंग्टनच्या रस्त्यावरून नेली होती. तीच लाकडं माझ्यासमोर. खरी १०९ समुद्राच्या तळाशी. केनेडींना नंतर मिळालेली पीटी ५९ न्यूयॉर्कला हार्लेम नदीच्या गाळात पडून होती. २०२० मध्ये भिंत बांधताना तिचेच मानले जाणारे अवशेष वर आले.

गेल्या वर्षी आम्ही दुसऱ्या एका ठिकाणी 'युद्धकालीन बोट' बघायला गेलो होतो. नाव लिहीत नाही. पैसे मोजून आत गेलो तर फायबरचा सांगाडा, वर करडा रंग. माहितीफलकावर नक्कल आहे असा शब्दही नव्हता. त्यामुळे या वेळी जाताना मन धास्तावलेलं होतं. इथे तसं काही नाही. जे आहे ते खरं आहे, आणि ६१७ वाचली ती जुन्या पीटी खलाशांच्या संघटनेने जीव लावून ती परत मिळवली आणि नीट केली म्हणून. केनेडींनी ज्या तळावर प्रशिक्षण घेतलं तो मेल्व्हिलचा तळही इथून फार लांब नाही. शेजारच्या विनाशिकेला नाव त्यांच्या थोरल्या भावाचं, जोसेफ केनेडी ज्युनिअरचं. १९६२ च्या, क्यूबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांवरून उद्भवलेल्या प्रसंगात ती नाकेबंदीवर होती आणि देशाच्या प्रमुखपदी धाकटा भाऊ होता.

निघताना नातीने विचारलं, "आजोबा, तुमची विक्रांत कुठे ठेवलीय?" मी तिला आपल्या त्या जुन्या विमानवाहू नौकेच्या गोष्टी सांगितल्या होत्या. मुंबईत संग्रहालय असताना मी दोनदा बघितलीय, एकदा तर शाळेतल्या मुलांच्या रांगेत. २०१४ मध्ये ती मोडीत गेली, मुंबईतल्या दारूखान्याला, जहाजं तोडतात तिथे, कापली. नातीला सांगितलं, "नाही ठेवली, बाळा." ती काही बोलली नाही, फक्त माझा हात धरला. कारवारच्या किनाऱ्यावर एक क्षेपणास्त्र बोट मात्र जपून ठेवली आहे. गोव्याहून जवळच आहे. ७१ साली मुंबईच्या निपात, निर्घात आणि वीर या तशाच छोट्या बोटींनी कराचीवर हल्ला केला होता. तिकडे जाल तेव्हा तीही बघा.

आता उपयोगाचं. सगळ्या नौका एकाच तिकिटात होतात, पण एका दिवसात नीट बघून होत नाहीत. मोठ्या नौकेतल्या शिड्या उभ्या आहेत, गुडघे दुखत असतील तर वरच्या डेकवरच थांबा. पाणबुडीत दरवाजे बुटके आहेत. नदीवरचा वारा उन्हाळ्यातही बोचतो, मला स्वेटर लागला. बूट रबरी तळाचे घाला. आणि सकाळी आत गेल्यागेल्या गर्दीबरोबर मोठ्या नौकेकडे न जाता आधी पीटी बोटींकडे वळा. तेव्हा तिथे कोणी नसतं, उजेडही चांगला असतो. खाली वाकून तळ बघता येतो आणि फळीची ती तिरकी रेघ सापडते.

माझ्याकडून पाचपैकी पाच. पुढच्या वेळी येईन तेव्हा वही आणि पेन्सिल बरोबर आणणार आहे. मागच्या तीन सुकाणूंची मांडणी मला कागदावर काढून घ्यायची आहे.