घरात मांजर असेल तर: मोशन सेन्सर की दाराचा सेन्सर?

रात्री दोन वाजता आमची मनी फ्रिजवरून कपाटावर उडी मारते आणि चोरांसाठी लावलेला सायरन अख्ख्या बिल्डिंगला उठवतो. दोष तिचा नाही. हॉलमधल्या मोशन सेन्सरला माणूस-मांजर काही कळत नाही. अंगाची उष्णता त्याच्या नजरेच्या एका पट्ट्यातून दुसऱ्यात सरकली की तो बोंब मारतो. ‘पेट इम्यून’ प्रकार साधारण २०-२५ किलोपर्यंतच्या प्राण्याकडे कानाडोळा करतो, पण प्राणी जमिनीवर असेल तरच. हा सेन्सर सात-साडेसात फुटांवर लावायचा, समोर जिना किंवा उंच सोफा नको. पगवाल्यांचं यात भागतं. मांजरवाल्यांनी मात्र नाद सोडावा. तीन किलोची मनी कपाटावर, म्हणजे सेन्सरच्या थेट नाकासमोर. तिथे वजनाचा हिशेब कुठला!

दाराचा सेन्सर साधा: चौकटीवर रीड स्विच (चुंबकाने चालणारा छोटा स्विच), दारावर लोहचुंबक. दार उघडलं, चुंबक लांब गेलं की सायरन. मनीने आत कितीही धुडगूस घालावा, तो ढिम्म. खोट एवढीच की दार-खिडकी न उघडता काच फोडून कोणी शिरलं तर त्याला पत्ताच लागत नाही.

आम्ही दारं-खिडक्यांना चुंबकवाले लावले. मोशन सेन्सर आता स्टोअररूममध्ये आहे, तिथे मनीला प्रवेश नाही.