जुन्या मशीनची प्रिंट अडकते: शेअरिंग टिकवायचं, थेट आयपी द्यायचा की मध्ये डबा बसवायचा?

नाशिकच्या गोळे कॉलनीतल्या औषधांच्या होलसेल दुकानात संध्याकाळी पाचची वेळ फार नाजूक असते. सिन्नर, दिंडोरी, निफाडचा माल बांधून तयार, टेम्पोवाला बाहेर हॉर्न मारतोय आणि बिल मात्र कॉम्प्युटरच्या पोटात अडकलेलं. मला बोलावणं आलं ते अशाच वेळी. बिलिंगचा प्रोग्रॅम विंडोजच्या आधीच्या डॉसमधला, मशीनवर विंडोज एक्सपी, आणि तीन प्रतींची बिलं काढणारा डॉट मॅट्रिक्स शेजारच्या टेबलावरच्या विंडोज १० ला जोडलेला. ‘‘देशाच्या नोटा छापणाऱ्या गावात माझं एक बिल छापून निघेना,’’ शेठ म्हणाले. क्यू, म्हणजे छपाईसाठी थांबलेल्या कामांची रांग, उघडून पाहिली तर तेवीस कामं. निम्म्याहून जास्त म्हणजे एकच बिल, वैतागून पुन्हा पुन्हा दिलेलं.

वाट कुठलीही निवडा, आधी बिघाड कुठे आहे ते बघा. प्रिंटर ज्या मशीनला जोडलाय तिथूनच टेस्ट पेज काढा. ते निघालं तर प्रिंटर आणि केबलमध्ये दोष नाही. मग दोन्ही मशीनवर स्पूलर सर्व्हिस (प्रिंटची कामं रांगेत लावून पाठवणारा विंडोजचा भाग) बंद करा, विंडोजच्या सिस्टिम३२ मधल्या स्पूल फोल्डरात ‘प्रिंटर्स’ नावाचं फोल्डर असतं त्यातल्या फायली उडवा आणि सर्व्हिस पुन्हा चालू करा. नुसतं क्यूमध्ये जाऊन ‘कॅन्सल’ दाबत बसलात तर ‘डिलीटिंग’ लिहून येतं आणि ते काम तासभर तसंच बसून राहतं. साफसफाईनंतर चार दिवस सुरळीत चाललं तर तेवढ्यावर थांबा, खर्च करू नका. पुढचीच प्रिंट पुन्हा अडकली तर दोष रस्त्यात आहे, आणि रस्ता बदलायचा की डागडुजी करायची हा निर्णय तुमचा.

डागडुजी म्हणजे आहे ते विंडोज शेअरिंगच टिकवणं. सगळे आधी हेच करतात, कारण यात काही विकत आणायचं नसतं. पण जे काल चालत होतं ते आज का बंद पडलं, हे समजून घ्या. एक्सपीला फाइल आणि प्रिंटर शेअरिंगची एकच जुनी बोली येते, एसएमबी१. २०१७ च्या उत्तरार्धात आलेल्या विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून ही बोली मुळात बसवलेलीच येत नाही. म्हणजे दुकानात नवा पीसी आला किंवा जुन्यावर विंडोज नव्याने टाकलं की एक्सपीला समोरचं मशीनच दिसेनासं होतं. विंडोज ७ वाल्यांचं दुखणं वेगळं. त्यांना एसएमबी२ येतं, पण सप्टेंबर २०२१ च्या अपडेटनंतर शेवटी ‘११बी’ असलेला एरर यायला लागला. त्या वर्षी प्रिंट स्पूलरमधल्या सुरक्षेच्या त्रुटी गाजल्या होत्या, म्हणून मायक्रोसॉफ्टने प्रिंट घेणाऱ्या मशीनचे नियम कडक केले आणि पुरेशी अपडेट नसलेली जुनी मशीनं दारातच अडली.

दोन्हीवर उतारा आहे. विंडोज १० वर एसएमबी१ पुन्हा चालू करता येतं. ११बी साठी रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या कोठारात, एक व्हॅल्यू शून्य करून तो कडक नियम सैल करता येतो. दहा मिनिटांचं काम, शेठ खूश, आपण चहा पिऊन मोकळे. मी मात्र हे आता टाळतो. कारण कुलूप काढलं जातं ते नव्या मशीनचं, आणि त्याच मशीनवर बँक, जीएसटी, ई-वे बिल सगळं चालतं. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस पसरला तो याच एसएमबी१ मधल्या भोकातून. आजची संध्याकाळ काढायला ठीक आहे. पण ‘तात्पुरतं’ म्हणून काढलेलं कुलूप वर्षभर कुणी परत लावत नाही, हा माझा अनुभव.

दुसरी वाट थेट आयपीची, म्हणजे नेटवर्कवरच्या पत्त्याची. प्रिंटरला स्वतःचा लॅन पोर्ट, म्हणजे नेटवर्क केबलची जागा, असेल तर मध्ये दुसरं मशीन कशाला? जुन्या मशीनवर ‘लोकल प्रिंटर’ म्हणून नवा जोडा, पोर्ट ‘स्टँडर्ड टीसीपी/आयपी’ घ्या आणि प्रिंटरचा आयपी द्या. एक्सपीला, सातला, दहाला, सगळ्यांना हे येतं. एसएमबी नाही, ११बी नाही. प्रिंट पाठवायच्या दोन पद्धती असतात, रॉ म्हणजे ९१०० नंबरचा पोर्ट आणि एलपीआर; त्यांत माझी पसंती ९१०० ला, कारण एलपीआरमध्ये क्यूचं नाव हुबेहूब द्यावं लागतं आणि एक अक्षर लहान-मोठं झालं तरी बऱ्याच ठिकाणी काम गुपचूप गायब होतं. नाव पक्कं माहीत असेल तर एलपीआरही चांगलं चालतं.

इथे मी माणसं तीन ठिकाणी अडखळताना पाहिली आहेत. पहिलं म्हणजे आयपी. लाइट जाऊन आली, राउटर पुन्हा सुरू झाला आणि प्रिंटरला दुसराच आयपी मिळाला, की सकाळी सगळ्या मशीनवर एरर. प्रिंटरचा आयपी पक्का करा किंवा राउटरमध्ये त्याच्यासाठी राखून ठेवा. दुसरं, प्रिंटर समोर चालू दिसतोय आणि विंडोज ‘ऑफलाइन’ म्हणतंय. पोर्टच्या सेटिंगमध्ये एसएनएमपी स्टेटसची, म्हणजे प्रिंटरला नेटवर्कवरून हालहवाल विचारायची, खूण असते; प्रिंटर त्या प्रश्नाला नीट उत्तर देत नसेल तर विंडोज त्याला मेलेला समजतं. खूण काढा. विंडोज ७ किंवा १० ने आपल्या मनाने डब्ल्यूएसडी पोर्ट (प्रिंटर आपोआप शोधून जोडायचा प्रकार) लावला असेल तर तोही बदलून टीसीपी/आयपी करा.

तिसरी अडचण डॉसवाल्यांची. त्यांच्या प्रोग्रॅमला एलपीटी१ (जुना पॅरलल प्रिंटर पोर्ट) सोडून काही कळत नाही. यावरची युक्ती मला फार आवडते: आयपीवर जोडलेला प्रिंटर त्याच मशीनवर शेअर करा आणि ‘नेट यूज’ आज्ञेने एलपीटी१ ला स्वतःच्याच शेअरकडे वळवा. मशीन स्वतःलाच प्रिंट पाठवतं आणि तिथून ती प्रिंटरकडे जाते. मशीनला खरा एलपीटी१ पोर्ट असेल तर साध्या युजरला ही आज्ञा नाकारली जाते. तो पोर्ट डिव्हाइस मॅनेजरमधून बंद करा. मात्र प्रिंटरला साधा मजकूर कळला पाहिजे. डॉट मॅट्रिक्सला कळतो. ज्या स्वस्त लेझरचं सगळं काम ड्रायव्हर करतो, त्याला डॉसचं बिल पाठवलं तर कागद हलतसुद्धा नाही.

थेट वाटेत एक उणीव आहे. प्रत्येक मशीनची क्यू वेगळी, त्यामुळे कोणाच्या कामाने प्रिंटर धरून ठेवलाय ते उठून बघावं लागतं. दोन-तीन टेबलांच्या दुकानात चालतं, पंधरा मशीनच्या ऑफिसात त्रास होतो.

आणि प्रिंटरला लॅन पोर्टच नसेल तर? गोळे कॉलनीत हेच होतं. तिथे मधला डबा लागतो, म्हणजे छोटा प्रिंट सर्व्हर: एका बाजूला पॅरलल किंवा यूएसबी, दुसऱ्या बाजूला लॅन. जुन्या मशीनच्या दृष्टीने तो नेटवर्क प्रिंटरच. घेताना दुकानदाराला दोनच प्रश्न विचारा, ९१०० किंवा एलपीआर चालतं का, आणि तुमचा नेमका प्रिंटर त्याला जोडून दाखवता का. ड्रायव्हरवर जगणारे लेझर या डब्यांशी बऱ्याचदा जमवून घेत नाहीत.

डब्याऐवजी रास्पबेरी पाय हा छोट्या बोर्डवरचा कॉम्प्युटर आणि त्यावर कप्स हे लिनक्सचं प्रिंटिंग सॉफ्टवेअर असंही करता येतं. सगळ्यांची एकच क्यू दिसते, आणि एक्सपीसुद्धा त्याला आयपीपीने, म्हणजे वेब पत्ता देऊन जोडता येतो. लिनक्स जाणणारा घरचा माणूस असेल तर याच्यासारखं दुसरं नाही. नसेल तर नको. तो माणूस पुण्याला नोकरीला गेला की त्या छोट्या बोर्डला हात लावायला कुणी धजत नाही.

राहिली शेवटची वाट, जुनं मशीनच काढून टाकणं. कधीतरी करावंच लागेल, पण प्रिंट अडकते एवढ्यासाठी घाईने करू नका. ६४ बिट विंडोजवर १६ बिटांचे डॉस प्रोग्रॅम चालत नाहीत, आणि विंडोज ११ तर ६४ बिटच आहे. मग डॉसचे प्रोग्रॅम चालवणारं व्हीडॉससारखं काही बसवा, नाहीतर आख्खी एक्सपी व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या आतल्या नकली कॉम्प्युटरमध्ये, घाला. म्हणजे प्रिंटचा प्रश्न तिथेही आहेच, फक्त खोली बदलली.

तर लॅन पोर्टवाला प्रिंटर असेल तर आजच थेट आयपी करा. डॉट मॅट्रिक्स आणि डॉसचं बिलिंग असेल तर डबा घ्या. विंडोज शेअरिंग फक्त तिथे, जिथे दोन्हीकडची विंडोज आजही अपडेट घेते आहे.

शेठच्या दुकानात डबा बसवला, एलपीटी१ वळवला आणि एक्सपीचं इंटरनेट राउटरमधूनच तोडलं. त्यावर शेठ कुरकुरले, कारण त्या मशीनवर दुपारी पत्ते खेळायची पोराची सोय गेली.